काहीच न वाजवणारा बँडवाला

इथे परदेशात, पेंडल हिल नावाच्या उपनगरात, आमच्या कुंपणापलीकडे एक इंग्रज राहतो. जवळच्या वेस्टमीडला हॉस्पिटलच्या कार पार्कात कामाला आहे. मी मुलाकडे राहायला आलो तेव्हाच सुनेने सांगितलं होतं, "बाबा, हे शेजारी पूर्वी इंग्लंडमध्ये मोठ्या बँडमध्ये होते. इलेक्ट्रॉनिक डान्सचा बँड. हजारो लोक यायचे."

"काय वाजवायचा?"

"काही नाही."

"मग गायचा?"

"नाही हो. नाचायचे."

मी चौथी शिकलो, पण मिरवणूक मला कळते. गावच्या लेझीम पथकात सगळ्यात पुढे मी असायचो. ज्याच्या हातात काही नाही, त्याला आम्ही पाणी वाटायला ठेवायचो. तेव्हा ह्याला पगार कशाचा मिळायचा, हे मला काही केल्या उमगेना. मी सुनेच्या मागे लागलो, विचार त्याला.

"बाबा, असं विचारत नाहीत."

"मग मीच विचारतो," म्हटलं. माझं इंग्रजी तिने ऐकलेलं आहे, त्यामुळे लगेच उठली.

तो चिडला नाही. म्हणाला, बँडमधले दोघं यंत्रांवर मान खाली घालून उभे असायचे. आवाज प्रचंड, पण बघायला काही नाही. मी क्लबात समोर नाचत होतो, ते म्हणाले वर स्टेजवर ये. वर गेलो तो कित्येक वर्षं खाली आलोच नाही. पुढे गुडघा गेला, बँड मोडला, बायको इथली म्हणून इकडे आलो.

तरी माझं समाधान होईना. यंत्र वाजतंय, लोक नाचतायत. पुढे माणूस कशाला?

यंदा गणपतीच्या आधी तो कुंपणाशी नुसताच उभा दिसायचा. सुनेने विचारलं तर म्हणाला, बँड पुन्हा उभा राहतोय, मला बोलावलंय, सोमवारी उत्तर द्यायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गॅरेजमध्ये एकटाच नाचून बघतो, पण लोकांसमोर जमेल का हे त्यावरून कळत नाही.

मी सुनेला म्हटलं, "रविवारी आपल्या पथकाच्या ढोलाच्या सरावाला ये म्हणावं."

सराव स्टेशनमागच्या पार्किंगमध्ये असतो, भर दुपारी, कारण संध्याकाळी लोक आवाजाची तक्रार करतात. वाजवणारी सगळी आयटीतली पोरं-पोरी. ताशा पुढे पळतो आणि ढोल मागून धावतात, हे माझं त्यांच्याशी नेहमीचं भांडण.

पाहुण्याला रिकाम्या हाताने उभं ठेवायचं नाही, म्हणून मी हट्टाने त्याच्या कमरेला ढोल बांधला. त्याने जे बडवलं ते ऐकून एक पोरगी म्हणाली, "आजोबा, कुठल्या बँडमधून आणलात यांना?" सगळे हसले. भाषा कळली नाही तरी हसणं कळतंच. त्याने ढोल सोडला, सुनेला म्हणाला, मी निघतो.

मी वाट अडवली. "नाच म्हणावं मग. आलास कशाला?"

तो ढोलांकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ नुसती मान हलत होती. पोरं वाजवता वाजवता त्याच्याकडे बघायला लागली. मग त्याने एक खांदा वर उचलला आणि तसाच धरून ठेवला; पोरांचे हात वरच थांबले. खांदा खाली आला तसा सगळ्या ढोलांचा ठोका एकदम पडला. पुन्हा त्याने खांदा धरला, पुन्हा पोरं थांबली. पळणारा ताशासुद्धा त्याच्यासाठी थांबला. ठोका आता पडणार, हे तो पडायच्या आधीच दाखवत होता. कडेला सामान घेऊन चाललेली माणसं उभी राहिली, ती ढोलांकडे बघत नव्हती.

लेझीम घेऊन मी तेच करायचो. मला वाटायचं, ते लेझीम करते.

सोमवारी तो गुडघ्यावर गोठलेल्या मटाराची पिशवी दाबून कुंपणाशी खुर्ची टाकून बसला होता. सुनेने विचारून येऊन सांगितलं, "हो म्हणालेत. पण अर्ध्याच गाण्यांना. बाकीच्या वेळी स्टेजवर खुर्ची पाहिजे म्हणून कळवलंय."

"अर्ध्याच का? विचार."

ती गेली आणि परत आली. "तुमच्या लेझीमचं मी सांगितलंय त्यांना. ते विचारतायत, या वयात तुम्ही किती वेळ लेझीम खेळाल?"

"मिरवणूक संपेपर्यंत," म्हटलं.

तिने तिकडे काय सांगितलं कोण जाणे, तो गुडघा धरून हसत सुटला. इथल्या दुकानात लेझीम मिळत नाही. मुलाला भारतातून मागवायला लावली आहे.