डीकन परविस यांनी न वाचलेली सूचना

आमच्या मिसिसिपीतल्या गावात छापलेल्यावर कुणाचा विश्वास नाही. रविवारी चर्चमध्ये तिथले वडीलधारे सेवक, डीकन परविस टॉलिव्हर, उभे राहून जे वाचतील तेवढंच खरं. लग्नं, मयती, तळलेल्या माशांचं जेवण, सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं.

सत्तरी उलटलेली, तरी रोज सकाळी शाळेसमोर ‘थांबा’ची पाटी धरून ते पोरांना रस्ता ओलांडून देत. त्यांची बायको लवेडा त्याच शाळेत शिकवायची. ती गेली आणि त्यांचा जीव त्या शाळेच्या फाटकापाशीच अडकला.

हट्ट एकच. देवाच्या घरात जाहिरात वाचायची नाही. सख्ख्या भाच्याच्या सलूनचीसुद्धा त्यांनी वाचली नव्हती. त्यामुळे हसऱ्या पोरांचे फोटो आणि ‘नवी शाळा, नवी संधी’ असं छापलेला गुळगुळीत कागद आला, तेव्हा ते म्हणाले, “हे कुणीतरी दुकान मांडतंय.” आणि त्याच कागदानं वारा घेत बसले. आम्ही हसलो.

खाली बारीक अक्षरात, या शाळेला मंजुरी द्यायची का, त्याच्या सुनावणीची तारीख होती. चार्टर शाळा म्हणे, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार खाजगी मंडळींचा. सुनावणीला आमच्यातलं कुणीच नव्हतं. हरकत नाही म्हणून मंजुरी. पोरं तिकडे जाणार, त्यांच्यामागे पैसाही जाणार, आणि आमच्या शाळेला टाळं.

डीकन रविवारचा कोट चढवून शाळाखात्याच्या कचेरीत गेले. मी सोबत होते.

“आम्हाला कुणी सांगितलंच नाही, बाळ,” ते टेबलामागच्या मुलीला म्हणाले.

“पेपरात छापलं, दारावर लावलं, तुमच्या चर्चलाही पाठवलं, मिस्टर टॉलिव्हर. सगळं नियमाप्रमाणे झालंय.”

“मग आत्ता घे की लिहून. माझी हरकत आहे.”

“मुदत संपली हो.”

पोरगी उद्धट नव्हती. त्याचाच मला जास्त संताप आला. भांडायचं तरी कुणाशी?

गाडीत बसल्यावर डीकन म्हणाले, “अर्लीन, मला ती जाहिरात वाटली गं.”

मलाही तशीच वाटली होती.

मे महिन्यात शाळा बंद होत असल्याचा कागद चर्चमध्ये आला. डीकन उभे राहिले. या वेळी त्यांनी काही सोडलं नाही. खालची बारीक अक्षरं, कचेरीचा पत्ता, फोन नंबर, सगळं डोळ्यांजवळ धरून वाचलं. वाचून संपलं, आणि सवयीनं अख्खं चर्च म्हणालं, “आमेन.”

मीसुद्धा म्हणाले.