गादीखालचं गॅसकेट

आमचे बाबा शेतकरी होते, असं घराबाहेर कुणी मानत नसे. घरात मानणारा माणूस एकच, तो म्हणजे बाबा स्वतः. "आपला खरा धंदा शेती. इंजिनं ही आपली हौस," असं ते पान्याने पाठ खाजवत सांगायचे. आजोबांनी मात्र जिवंतपणीच निकाल देऊन ठेवला होता. "शेतकऱ्याच्या घरी पोरगा जन्मायचा तर पाना जन्मला!"

पाना अव्वल दर्जाचा होता, यात वाद नाही. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, शेडला चिकटून घर, घराला चिकटून शेत, अशी आमची इस्टेट. घोटाळा एवढाच, की पेरणीचे दिवस आणि ट्रॅक्टर बिघडण्याचे दिवस एकच. वर्षभर झाडाखाली झोपा काढणाऱ्या ट्रॅक्टरला नेमका पेरणीच्या तोंडावर खोकला सुटतो. मग बाबा कोपरापर्यंत दुसऱ्यांच्या इंजिनात आणि आमचा गहू पोत्यात. लोकांच्या गव्हाला ओंब्या यायच्या, तेव्हा आमचा जेमतेम गुडघ्याला लागायचा. त्यातून शेत भर रस्त्यावर, झाकायची सोय नाही. येणारे-जाणारे ब्रेक दाबून विचारायचे, "काय मेकॅनिक, हा या वर्षीचा गहू की पुढच्या वर्षीचा?"

बाबा मोठ्याने हसायचे. पण त्या दिवसांत आमची रस्त्याकडची खिडकी बंद असायची. "धूळ येते," म्हणायचे. गव्हाचा हंगाम सरला की धूळही थांबायची.

"उशिरा पेरलं की दाणा बारीक," आई धान्य चाळताना म्हणायची. "दरवर्षी सगळा चाळणीतून खाली. आता चाळण बदलू की नवरा?"

"चाळण बदल. नवऱ्याचे पार्ट मिळत नाहीत," बाबा म्हणायचे. पण दुसरी पोळी न घेताच उठायचे.

बांधापलीकडचं शेत वहिनींचं. वहिनी बाबांच्या, आमच्या काकी. त्यांचा नवरा लांब नोकरीला, त्यामुळे शेताचा कारभार त्या एकट्या बघायच्या. सगळे त्यांना फौजदारीण म्हणायचे, अर्थात त्या लांब गेल्यावर. त्यांनी बांधावरून हाक मारली, की आमच्या शेडमधले पाने खणखणायचे. गाय चुकली, ऊन वाढलं, मीठ संपलं, सगळ्या बातम्या त्या एकाच पट्टीत सांगत.

एका वर्षी पेरणीच्या तोंडावर त्यांच्या ट्रॅक्टरचं हेड गॅसकेट जळलं. इंजिनाच्या दोन भागांच्या मध्ये बसणारा हा पातळ पत्रा. तो गेला की इंजिन म्हणजे नुसतं भंगार. बाबांनी इंजिन उघडून ठेवलं आणि शहरातल्या दुकानाला पार्ट पाठवायला सांगितलं. काकी रोज यायच्या.

"मिस्त्री, आला का पार्ट?"

"यायचाय, वहिनी."

'पार्ट यायचाय' हे वाक्य मेकॅनिक लोक आईच्या पोटातूनच शिकून येतात. पण बाबा ते खरं असेल तेव्हाच म्हणायचे. म्हणून तर जवळची गॅरेजं सोडून लोक आमच्याकडे यायचे.

एका सकाळी बसच्या कंडक्टरने पार्सल आणून दिलं. त्याच सकाळी आमची जमीन पेरायला आली होती. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला तर फुटावा, अशी. बाबा पार्सल हातात घेऊन शेड आणि शेत यांच्या मधोमध उभे राहिले. मी खिडकीत वेणी घालत होते. त्यांनी एकदा शेडकडे पाहिलं, एकदा शेताकडे, मग पार्सल घेऊन घरात गेले आणि हात हलवत बाहेर आले. तेवढ्यात बांधावरून हाक आली.

"मिस्त्री! आला का पार्ट?"

"यायचाय, वहिनी," बाबा म्हणाले. आणि आपल्या ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडायला लागले.

आमचं पेरून होईस्तोवर पार्ट येतच राहिला. शेवटच्या दिवशी आईने गादी झटकायला उचलली आणि किंचाळली. बाबा धावत आले.

"हळू! दुमडेल ना!"

तोंडून आधी हे निघालं. मग त्यांचा चेहरा उतरला. गॅसकेट फळीवर सपाट ठेवलेलं होतं, वर-खाली कागद घालून. खोटं लपवतानाही माणसाने पार्टला धक्का लावला नव्हता. आईने गॅसकेटकडे पाहिलं, खिडकीतून पेरून झालेल्या शेताकडे पाहिलं. खरं तर तिने घर डोक्यावर घ्यायचं. पण तिलाही चाळणीवर राहणारा गहू एकदा बघायचा होता. "आज बसवून टाका," एवढंच ती म्हणाली आणि गादी परत अंथरली.

त्या वर्षी आमचा गहू सगळ्यांच्या आधी ओंबीवर आला. रस्त्यावर परत ब्रेक लागायला लागले. "मेकॅनिक, कमाल केलीत!" हे ऐकलं की बाबा जवळ असेल त्या ट्रॅक्टरखाली सरकायचे. एकदा तर दुरुस्त होऊन निघालेल्या ट्रॅक्टरखाली गेले. मालक गिअर हातात धरून त्यांच्या निघण्याची वाट बघत बसला. खिडकी त्याही वर्षी बंदच राहिली. धुळीचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

काकींचा गहू कोवळा असतानाच ऊन तापलं आणि दाणा भरलाच नाही. तरी त्या बांधावर येऊन आमच्या शेताकडे बघत म्हणाल्या, "भावोजी, तुमचं बघून डोळे निवले हो!" भावोजी म्हणजे मर्जीची खूण. मग पट्टी चढली. "पण त्या पार्टवाल्या दुकानदाराला मी सोडणार नाही! वेळेवर पाठवला असता तर माझंही असंच उभं असतं. उद्या पहिल्या बसने जाते आणि त्याच्या दुकानात उभी राहून त्याला विचारते. तुम्ही चला साक्षीला!"

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. "पोटात गॅस," म्हणाले. आई म्हणाली, "गॅस नव्हे, गॅसकेट."

सकाळी बसथांब्यावर मीही होते, कॉलेजला जायला. बाबा धुतलेला शर्ट घालून साक्षीला आले. काकी तर रागाची तालीमच करत उभ्या होत्या. वळणावर बस दिसली, तसे बाबा म्हणाले, "वहिनी, दुकानदाराची चूक नाही."

"तुम्ही नका त्याची बाजू घेऊ. तुम्ही देवमाणूस."

बाबांनी डोळे मिटले. "पार्ट आला होता. माझ्याकडेच होता. मी माझं आधी पेरलं."

बस येऊन थांबली. बसच्या दांड्याकडे नेलेला हात काकींनी मागे घेतला.

"कुठे होता?"

"गादीखाली."

"दुमडला नव्हता ना?"

"नाही. सपाट ठेवला होता."

"बरं," काकी म्हणाल्या. कंडक्टर म्हणाला, "चला ताई." त्यांनी हाताने बसला जा म्हटलं, मागे वळल्या आणि चालत घरी गेल्या. गोठ्यातल्या मांजरावरसुद्धा आवाज चढवणारी ही बाई त्या सकाळी एक शब्द ओरडली नाही. बाबा थांब्यावर तसेच उभे होते, धुतलेल्या शर्टात.

पुढे काकींनी ट्रॅक्टर दुसऱ्या गॅरेजला न्यायला सुरुवात केली. तो आमच्या शेडवरून जायचा तेव्हा काळा धूर सोडत, अडखळत जायचा. बाबा हातातलं काम थांबवून ऐकायचे. "पंपाचं सेटिंग चुकलंय," पुटपुटायचे. पण बांधापर्यंत जाऊन तेवढं सांगण्याची त्यांची छाती होत नव्हती. काकींच्या हाका बंद झाल्या आणि आमची शेड एकदम मुकी झाली. आई एकदा म्हणाली, "जाऊन माफी तरी मागा." बाबा म्हणाले, "मागून काय? मग त्यांना ती द्यावीच लागेल ना."

पुढची पेरणी आली. शेडसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली. बाबांनी आपल्या ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडलं, रांगेकडे एक हात हलवला आणि ट्रॅक्टर सरळ काकींच्या बांधावर नेऊन उभा केला. काकी बाहेर आल्या. बाबा इंजिन बंद न करता खाली मान घालून बसले होते. काकींनी त्या मानेकडे पाहिलं. मग वाटेत आडवं टाकलेलं लाकूड उचलून बाजूला केलं आणि बियाणाचं पोतं दारात आणून ठेवलं.

त्यांचं पेरून झालं, मग रांगेतल्या लोकांचं झालं, मग आमचं. म्हणजे नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी.

थोड्या दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. काकींचं शेत नुकतंच उगवून वर आलं होतं. उगवेपर्यंत काही कळत नाही, पण उगवल्यावर पेरणाऱ्याचा हात लपत नाही. बाबांच्या ओळी जन्मात सरळ आल्या नव्हत्या. अचानक शेडमधले पाने खणखणले.

"मिस्त्रीऽऽ! ही काय पेरणी म्हणायची? साप सोडलेत का माझ्या शेतात? रस्त्यावरचं जग हसतंय! डोळे गहाण टाकले होते का?"

बाबांचा घास हातातच राहिला. कान लाल झाले, तरी ते कान देऊन ऐकत होते.

"ऐकताय ना?" आई म्हणाली. "फार चिडल्यात त्या."

"हो," बाबा म्हणाले. "आवाज बरोबर लागलाय."

आणि पहिल्यांदाच, आमचा उघडाबोडका, न उगवलेला गहू समोर असताना, त्यांनी उठून रस्त्याकडची खिडकी उघडली.