ह्यांच्या बोटांखालचे आठ नॉब

आमच्या ह्यांची नजर एकदम गेली नाही. आधी लॅपटॉपवरची अक्षरं गेली, मग एसटीच्या पाट्या, मग समोरच्याचा चेहरा. साखरेनं डोळ्याच्या पडद्याला धरलं होतं. संभाजीनगरला लेझर झालं, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढं टिकवायचं बघा. आहे तेवढं म्हणजे उजेड, सावली, आणि समोरून कुणी गेलं तर काहीतरी हललं एवढं कळणं.

हे की-बोर्ड वाजवतात. लग्न असो, सप्ताह असो, शाळेचं गॅदरिंग असो, बोलावणं आलं की ढोलकीवाल्याला घेऊन निघायचे. जुन्या की-बोर्डच्या पट्ट्या दबेनाशा झाल्या तेव्हापासून ते लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरवर वाजवत होते. पुढ्यात नुसत्या पट्ट्या, आवाज सगळे लॅपटॉपच्या पोटात. तो आवाज जाड करायचा, पातळ करायचा, घुमवायचा, तर स्क्रीनवर गोल बटणांची चित्रं असतात, ती माऊसनं फिरवायची. डोळे होते तोवर ह्यात काही अवघड नव्हतं. डोळे गेल्यावर बोटं पूर्वीसारखीच पळत होती, पण बासरीची सनई करायची तर कुणाला तरी हाक मारावी लागायची. हाक मारायला मीच. मी अंगणवाडीत असले की सगळी गाणी एकाच आवाजात.

"समद्या कार्यक्रमांना एकच शर्ट घालून जायचं म्हंजे कसं वाटतं, तसं वाटतंय," हे एकदा म्हणाले. रागानं नाही, सहज म्हणाले. त्यानंतर बोलावणं आलं तरी अंग दुखतंय सांगून टाळायला लागले.

बीडला ह्यांचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक भाई आहेत, ह्यांच्या तरुणपणापासूनचे ओळखीचे. अॅम्प्लिफायर आणायला मी एकटीच गेले तेव्हा त्यांनी ह्यांची चौकशी केली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाभी, माऊस सोडा. हाताला लागंल असं बटण पायजे. मिडी कंट्रोलर म्हणून येतो, त्यावर खरे नॉब असतात. लॅपटॉपला जोडला की झालं."

झालं, असं ते म्हणाले खरं. पुण्याला असलेल्या माझ्या भावानं तसला कंट्रोलर पाठवला. मधे पट्ट्या, त्यांच्या वरच्या अंगाला आठ नॉब, बाजूला रबराचे चार चौकोन. ह्यांनी तो मांडीवर घेऊन सगळीकडून चाचपला. नॉब एकेक करून फिरवून बघितले. छान गुळगुळीत फिरत होते. आवाजात मात्र तसूभर फरक पडत नव्हता.

मग मला कळलं की नॉबला स्वतःचं असं काही काम नसतं. तो फिरवला की लॅपटॉपकडे एक आकडा जातो, एवढंच. तो आकडा कुणी ऐकायचा, हे सॉफ्टवेअरला आपण सांगावं लागतं. ह्यांनी नॉब फिरवला की आवाज घुमला पाहिजे की पातळ झाला पाहिजे, ते एकेकाला नेमून द्यायचं. आणि नेमून देणार मी. माझं इंग्रजी दहावीपुरतं, आणि संगीतात मला आरतीपलीकडे गती नाही.

अंगणवाडी दुपारी सुटते, पण सुटल्यावर पोरांची वजनं, उंच्या, फोटो, सगळं मोबाईलच्या अॅपमध्ये भरायचं असतं. रेंज नसली की तेच दोनदा. ते उरकून मी घरी यायची, हातपाय धुवायची, चहा टाकायची आणि लॅपटॉपपुढे बसायची. त्यातली अक्षरं मुंगीएवढी. चित्रातल्या बटणावर उजवी क्लिक करायची, यादी उघडते, त्यात 'लर्न' असतं ते दाबायचं. बटणाभोवती पिवळी कड येते. ती आहे तोवर कंट्रोलरवरचा खरा नॉब फिरवायचा, की दोघांची गाठ पडते. पहिल्या दिवशी अशा चार गाठी पाडल्या आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही बंद. लाईट आल्यावर उघडून बघते तर सगळं कोरं. प्रत्येक गाठीनंतर सेव्ह करायचं असतं, हे त्या दिवशी शिकले.

"कटऑफ म्हंजे काय हो?" मी विचारलं. तो शब्द सारखा समोर येत होता.

"तोंडावर पदर धरून बोल."

मी पदर धरला आणि म्हटलं, "काय बोलू?"

"आता पदर काढून बोल."

"काय बोलू?"

"बघ, पदर होता तवा आवाज दबून आला. काढल्यावर मोकळा झाला. कटऑफ म्हंजे तो पदर. रिलीज म्हंजे बोट उचलल्यावर आवाज किती रेंगाळतो ते."

लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांच्या वाजवण्याबद्दल आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. ते वाजवून यायचे, मी ताट वाढायची. आता रोज दुपारी ते खाटेवरून सांगायचे आणि मी स्क्रीनवर शोधायची. ऐकायला बरं वाटतं हे. पण खरं सांगायचं तर माझी पाठ मोडून यायची आणि डोळ्यांची आग व्हायची. ह्यांचे गेले, आता माझेही जाणार, असं मनात यायचं.

भांडणंही झाली. नॉब आठ आणि ह्यांना हव्या वीसेक गोष्टी. कंट्रोलरवर एक बटण दाबलं की त्याच नॉबांना दुसरी कामं लागतात म्हणे, पण आपण कुठल्या कामात आहोत ते एका बारक्या लाल दिव्यावरून कळतं. दिवा ह्यांना दिसत नाही. मी म्हटलं, आठच हायत, आठच निवडा. ते दोन दिवस धुमसले. मग आपणच बसून एकेक सोडत गेले. व्हायोलिनचा थरथराट त्यांचा फार लाडका होता, तो सोडला तेव्हा म्हणाले, "जाऊ दे, लग्नात कोण ऐकतंय थरथराट."

नॉब बोटाला ओळखू यावेत म्हणून आधी त्यांवर टिकल्या लावल्या. घामानं त्या निघाल्या. मग नेलपॉलिशचे थेंब टाकून वाळवले. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्याला आडवी रेघ. रबराच्या चौकोनांना बासरी, सनई, व्हायोलिन आणि पियानो नेमून दिले. ह्यांची बोटं चार-पाच दिवसांत तरबेज झाली. आणि त्यांनी आपण होऊन युसूफ वडगाव ह्या गावच्या सप्ताहाला हो म्हणून सांगितलं.

काल्याच्या कीर्तनाला सकाळीच मांडव भरला होता. मी ह्यांच्या पाठीमागे लॅपटॉपजवळ बसले. सुरुवात चांगली झाली. व्हायोलिन हवं तसं लहान झालं, मोठं झालं. गवळणीच्या आधी बुवांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं, मांडव शांत केला आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "आता नुसती बासरी. लांबून आल्यासारखी."

ह्यांनी चौकोन दाबला. बासरी आली, अगदी हळू. बायका पुढं सरकून ऐकायला लागल्या. ह्यांनी आवाज जरासा उचलावा म्हणून पहिल्या नॉबला बोट लावलं, आणि बासरी एकदम किंचाळल्यासारखी फुटली. समोरचं तान्हं लेकरू दचकून रडायला लागलं. बुवांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे घाबरून नॉब मागं फिरवायला गेले, तर आवाज पार नाहीसाच झाला. मग त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पेटीवाल्यानं सूर धरला आणि कीर्तन पुढं गेलं. हे शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवूनच बसले.

घरी आल्यावर म्हणाले, "मला नगं ते. उचल आन देऊन टाक."

"कुणाला?"

"ज्याला डोळे हायत त्याला."

मी कंट्रोलर चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला आणि भात टाकला. मला वाईट वाटलं, पण थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आता दुपारी पाठ टेकता येणार होती.

पाठ काही टेकता आली नाही. कारण हे आता सारखी वेळ विचारायला लागले. किती वाजले? मी सांगायची. जरा वेळानं परत, किती वाजले? कुठं जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं, औषधाची वेळही नव्हती. भाकरी थापताना, कपडे पिळताना, शेजारणीशी बोलताना आतून तोच प्रश्न. एकदा मी चिडून म्हटलं, "वेळेचं काय करायचंय तुमाला?" ते म्हणाले, "काय न्हाई. असंच." त्या 'असंच'चा मला लॅपटॉपपेक्षा जास्त शीण आला.

तेव्हा अंगणवाडीत पोरं खिचडी खाऊन पेंगत असताना मी मोबाईलवर शोधायला लागले. नॉब अचानक उडी का मारतो, असं साध्या शब्दांत लिहून बघितलं. हिंदीत समजावणारा एक व्हिडिओ सापडला. घोळ असा होता, की व्हायोलिन वाजवताना ह्यांनी नॉब वरपर्यंत नेला होता. बासरीचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये खाली होता, पण खरा नॉब वरच राहिला. त्याला बोट लागताच सॉफ्टवेअरनं त्याचं ऐकलं आणि बासरीलाही एकदम वर नेलं. ह्यात ह्यांची चूक नव्हती, माझीही नव्हती. आणि त्यावर उपाय होता. सेटिंगमध्ये 'पिकअप' म्हणून एक गोष्ट असते. ती चालू केली की आवाज जिथं आहे तिथपर्यंत खरा नॉब येऊन पोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याचं ऐकतच नाही.

घरी येऊन कंट्रोलर खाली काढला. हे खाटेवर तोंड फिरवून पडले होते. मी सेटिंग केलं आणि त्यांना सांगितलं, "आता नॉब आधी मुका राहील. फिरवत गेलात की एका जागी पकडंल. मग आवाज तुमच्या हातात."

बराच वेळ ते उठले नाहीत. मी चहा करून आणला तेव्हा खाटेच्या कडेला बसून नॉब फिरवत होते. मुका, मुका, मुका, मग पकडला. परत खाली नेला. परत वर. "हां," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी वेळ विचारली नाही.

पुढचा कार्यक्रम आमच्या गावातलंच, वडवणीतलंच दुपारचं लग्न होतं. कार्यालयात पंखे गरम वारा फेकत होते. मी नेहमीसारखी मागं बसले, कारण लॅपटॉप मधेच काहीबाही विचारतो आणि त्याला उत्तर द्यायला डोळे लागतात. मंगलाष्टका होईपर्यंत मी ह्यांच्या बोटांकडे बघत होते. नंतरचं आठवत नाही. ढोलकीवाल्यानं, "वहिनी, उठा, जेवायला चला," म्हणून हाक मारली तेव्हा वायरी गुंडाळून झाल्या होत्या आणि माझ्या गालावर स्पीकरच्या जाळीची नक्षी उठली होती.

रिक्षात हे म्हणाले, "झोपलीस व्हय?"

"हां."

"कवापासून?"

"मंगलाष्टका झाल्या तवापासून."

"म्हंजे पुढचं काहीच ऐकलं न्हाईस."

"न्हाई."

"सनई चांगली झाली," ते म्हणाले. "बरं झालं झोपलीस ते."

आता ते ढोलकीवाल्यासोबत जातात, लॅपटॉपनं काही विचारलं तर तोच बघतो, मी घरी राहते. कार्यक्रम कमीच झालेत, लग्नात लोकांना डीजे लागतो. कधीतरी लॅपटॉप स्वतःहून अपडेट होतो आणि सगळं विसरतो. मग मी पुन्हा उजवी क्लिक करते, लर्न दाबते, नॉब फिरवते. परवाही विसरला. अंगणवाडीतून येऊन बघितलं आणि मी म्हटलं, आज माझ्यानं होणार न्हाई. हे म्हणाले, उद्या कर, कुठं पळून चाललंय. मी तशीच जमिनीवर आडवी झाले. त्यांनी चाचपडत जाऊन पंखा लावला.