वाटीतला वानोळा

दुपारची जेवणं झाली की वॉर्डात माग सुरू व्हायचा. बाकीच्या बायांना तो छतावरचा पंखाच वाटे. रुख्मिणीबाईला मात्र खटाक-खटाक ऐकू यायचं, आणि मग पलंगाच्या पायथ्याशी तिचे यजमान नत्थूजी हातमागावर बसलेले दिसायचे. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, तुटलेल्या धाग्याचं टोक ओठात धरलेलं. माणूस जाऊन वर्षं लोटली, पण तो धागा काही जोडून झाला नव्हता.

"अजी, जेवले का?" ती विचारायची.

ते मान हलवायचे. की नुसताच पडदा हलायचा, कोण सांगणार?

शेजारच्या स्टुलावर बसलेला जितेंद्र, तिचा मुलगा, तोंड फिरवून घ्यायचा. कामठीच्या घरात माय न्हाणीत घसरून पडली, कपाळाला टाके पडले, म्हणून तिला नागपूरला भरती केलं. डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. टाके वाळत आले, पण रिकाम्या जागेशी बोलणं थांबेना.

"माय भरमली वं," तो फोनवर बायकोला सांगत होता. "कामठीच्या घराले कुलूप लावतो अन् मनीषनगरले घेऊन येतो. एकटी कशी ठेवू?"

रुख्मिणीबाई डोळे मिटून ऐकत होती. मनीषनगरचा लेकाचा फ्लॅट तिनं पाहिला होता. दार लावून जेवणारी माणसं. तिथं वाटी पाठवायची कोणाकडे? कामठीच्या गल्लीत वाटी कधी एका घरी मुक्कामाला राहिली नाही. इकडून अंबाडीची भाजी गेली की तिकडून भरडा यायचा. रिकामी वाटी परत करणं म्हणजे शेजारणीच्या तोंडावर दार लोटणं.

जितेंद्र चहाला गेला आणि मयुरा आली. या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या तपासायचं काम ती करायची. कोणाला कोणती नडते, कोणती आता नको, हे पाहून ती डॉक्टरांना सांगे. घरून आणलेली पिशवी तिनं पलंगावर उपडी केली. बीपीची, गुडघ्याची, पित्ताची.

"आजी, याच्याशिवाय आणखी काही औषध?"

"नाही वं माय."

"झोपेचं? सर्दीचं? एखादं चूर्ण?"

"नाही म्हणलं ना! गोळ्याच खाऊन राहिली तर भाकर कुठं ठेवू?"

शेजारच्या पलंगावरची बाई खुदकन हसली. मयुराही हसली, पण तिनं जीभ दाखवायला लावली. जीभ उन्हात पडलेल्या चामड्यासारखी कोरडी.

"या गोळ्यांनी तर असं होत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. गोळ्या परत भरता भरता तिला मोठी जांभई आली. "माफ करा आजी. लेकरू रात्रभर जागवून राहिलं. डोळ्याले डोळा नाही."

रुख्मिणीबाईचा जीव कळवळला. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पदराची गाठ सोडली.

"हे घे. गाढ झोप लागते. माहा नवरा मेलेला, तरी भेटाले येते. तुहा तर जिता आहे!"

तळहातावर एक बारकी गोळी होती.

"आजी! हे काय?"

"वानोळा आहे. आमच्या कुसुमनं देल्ला."

"अहो, हे औषध आहे!"

"काहून? औषध तर डॉक्टर देते. हे वाटीत आलं."

मग सगळं निघालं. कुसुमताई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिला डॉक्टरनं अंगाच्या खाजेवर ही गोळी दिली होती. खाजही जायची, झोपही यायची. एकदा अंबाडीच्या भाजीची वाटी परत करायला घरात काहीच नव्हतं, म्हणून तिनं वाटीत गोळ्यांची पट्टी ठेवली. तेव्हापासून ते सुरूच होतं. भरती होतानाही रुख्मिणीबाईनं गाठीत थोड्या बांधून आणल्या होत्या.

मयुरा पलंगावर टेकली. "आजी, हिच्यानंच जीभ वाळते. हिच्यानंच पाय लटपटतात. डॉक्टरांना सांगते मी. ही थांबली की डोकं ताळ्यावर येईल, असं वाटतं."

"अन् हे?" रुख्मिणीबाईनं पायथ्याकडे बोट दाखवलं.

मयुरानं तिकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली, जणू तिथं खरंच कोणी बसलं होतं. मग हळूच म्हणाली, "तेही जातील, आजी."

म्हातारीची मूठ मिटली.

खटाक-खटाक. नत्थूजी खाली मान घालून धागा चाचपत होते. दुपारचं ऊन त्यांच्या बंडीतून आरपार येत होतं. दारातून जितेंद्र चहा घेऊन आला. त्याच्या बोटात कामठीच्या घराची किल्ली लोंबत होती.

"अजी," ती पायथ्याकडे पाहून म्हणाली, "घर उघडं ठेवाचं असंन तर मले शुद्धीत राहा लागते. तुम्ही समजून घ्या."

त्यांनी वर पाहिलं. धाग्याला गाठ मारली आणि दातानं टोक तोडलं.

तिनं मूठ उघडली. उरलेल्या गोळ्याही गाठीतून काढून मयुराच्या हातात ठेवल्या. "घे. पण माहा हात रिकामा नोको ठेवू."

मयुरानं कोटाचे खिसे चाचपले. लेकरासाठी घेतलेली एक संत्रागोळी निघाली. म्हातारीनं ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

दोन-चार दिवसांत पंखा पंख्यासारखा वाजू लागला. पायथ्याशी चादर तेवढी राहिली. रुख्मिणीबाई तिकडं पाठ करून रडली. मग उठून स्वतःच्या पायांनी न्हाणीत गेली, आणि जितेंद्रनं कुलपाचा विषय सोडून किल्ली खिशात ठेवली.

आता ती कामठीलाच आहे. परवा तिनं कुसुमताईची वाटी कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांनी भरली आणि परसातल्या भिंतीवरून पुढं केली.

"बदल्यात गोळी नोको ठेवू वं, अवदसे."

"मंग काय ठेवू? घरात काही नाही आज."

"मीठ ठेव."

कुसुमताईनं चिमूटभर मीठ घातलेली वाटी परत दिली. मागच्या गल्लीत कोणाचातरी माग चालू होता. रुख्मिणीबाई वाटी हातात धरून ऐकत उभी राहिली.