एक कडी सैल

वर्लिन हॅस्केटने आयुष्यभर कॅन्ससमधल्या पशुखाद्याच्या गिरणीत यंत्रं सांभाळली. निवृत्त झाल्यावर घर विकलं आणि त्याने व अर्लीटाने ट्रेलरमध्येच संसार मांडला. उन्हाळा कॅन्ससला मेव्हण्याच्या आवारात, थंडी टेक्ससच्या किनाऱ्यावर.

ट्रेलर पिकअपला जोडणं हे वर्लिनचं काम. त्यात दुसऱ्याचा हात त्याला खपत नसे. जोडाच्या दोन्ही बाजूंना पोलादी दांडे असतात. ते साखळीने वर ताणून ट्रेलरच्या आकड्यांत अडकवले, की ट्रेलरच्या तोंडाचं ओझं पिकअपच्या पुढच्या चाकांवरही वाटलं जातं. बाकीचे लोक आधी जॅकने तोंड उचलत आणि साखळी आरामात अडकवत. वर्लिन आकड्यावर लोखंडी नळी घालून साखळी एका दमात ओढायचा. "जॅक म्हाताऱ्यांसाठी," असं तो सत्तरी उलटल्यावरही म्हणे.

यंदा टेक्ससला जाताना ओक्लाहोमात एक अवजड ट्रक बाजूने सुसाट गेला आणि मागचा ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागला. अर्लीटा किंचाळली. गाडी कशीबशी कडेला थांबली. जवळच्याच ट्रेलरवाल्यांच्या तळावर त्यांनी मुक्काम केला. वर्लिनने जोड सोडलाही नाही.

सकाळी बिस्किटांवर, म्हणजे तिकडच्या मऊ पावांवर, ग्रेव्ही वाढता वाढता अर्लीटा म्हणाली, "मी त्या गाडीत बसणार नाही."

"अगं, वारा होता तो."

"वारा दरवर्षी असतो, वर्लिन."

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधला जुन्या ओळखीचा ओडेल प्रुइट कॉफीचा मग घेऊन आला. "काय रे, पिकअप विमानतळावर निघालीय का? नाक बघ केवढं वर!"

"आधी स्वतःचं पोट बघ. त्याखाली पाय आहेत का अजून?"

ओडेल हसला. मग जोडाकडे बघून त्याने पुढे नेलेला हात मागे घेतला. दुसऱ्याच्या जोडाला न विचारता हात लावायचा नाही, अशी या लोकांची रीत. तो निघून गेला.

अर्लीटा मात्र खाली वाकली. आकड्यात गंजकी कडी अडकली होती. इतकी वर्षं घासून चकचकीत झालेली कडी तिच्याखाली होती.

"ही तुझी नेहमीची कडी नाही. तू एक कडी सैल सोडलीस."

वर्लिनने नळी या हातातून त्या हातात घेतली. "वर येईना. खांद्यात जोर राहिला नाही, वसंतापासून. म्हटलं, एका कडीने काय होतंय!"

"आणि जीभ? तिच्यातलाही जोर गेला होता?"

त्याने मुकाट्याने जॅक लावला, तिने जॅकचं हँडल फिरवलं. दोन्हीकडे चकचकीत कडी आकड्यात बसली. जॅक उतरवल्यावर पिकअपचं नाक खाली आलं. वर्लिनचा चेहरा खुलला.

"बघ, झाली सरळ. चल आता."

ती जागची हलली नाही. "काल ट्रेलरचा ब्रेक दाबायला डावा हात का नेलास? खटका स्टीअरिंगच्या उजवीकडे आहे."

"दाबला ना पण?"

"उशिरा दाबलास." तिने हात पुढे केला. "किल्ली."

"तू कधी ट्रेलर ओढलायस?"

"नाही. म्हणूनच हळू चालवीन."

उजवा हात मांडीवर ठेवून वर्लिन शेजारच्या जागेवर बसला. तळाच्या फाटकापाशी तिने डावीकडे वळायचा दिवा लावला.

"अर्लीटा, किनारा उजवीकडे."

"माहितीय. आधी कॅन्ससचा डॉक्टर."

"पोचेपर्यंत तिकडे बर्फ पडेल. ट्रेलरचे नळ गोठतील. मग या वर्षी किनाऱ्याला जाणं झालंच."

"मग नाही झालं."

महामार्गावरून दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. स्टीअरिंगवर तिची बोटं पांढरी पडली होती. उजवीकडचा रस्ता मोकळा झालेला त्यालाच आधी दिसला. पण 'आता निघ' म्हणायला त्याचं तोंड उघडेना. ती त्याच्या सांगण्याची वाट बघत राहिली. पुढचा ट्रक दूरवर दिसू लागला, तेव्हा कुठे तो म्हणाला, "थांब, हा जाऊ दे. मग निघ."