आभाराचं पान

"फोटोतली माणसं मागच्या रांगेत," दारावरची मुलगी म्हणाली. "पुढे फोटोग्राफर बसणार आहेत."

सदाशिव पेठेतला हॉल. पुस्तकाचं प्रकाशन. मी म्हणाले, "मीच फोटोग्राफर आहे." तिनं यादीवरून बोट फिरवलं. मी यादीत नव्हते. मागे आईशेजारी जाऊन बसले.

आई येरवड्यात कचरा वेचते. तीन वर्षं मी तिच्यामागे कॅमेरा घेऊन फिरले. कॅमेरा संस्थेचा. ही संस्था फोटोग्राफरांची पुस्तकं छापते, नफ्यासाठी नाही, कलेसाठी. संस्था चालवणाऱ्या ताईंनीच मला हातात कॅमेरा धरायला शिकवलं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या घरी आल्या, आमच्या पत्र्याखाली बसून चहा प्याल्या. आमच्या कपातून. त्या चहावर आम्ही भाळलो.

"हे पुस्तक तुझं," त्या म्हणाल्या होत्या. मी वस्तीभर सांगत सुटले.

आता हॉलमध्ये पुस्तक हातात आलं. कव्हरवर आई. फोटो मी काढलेला. खाली नाव ताईंचं. पानं उलटत गेले. शेवटी आभार. छापखाना, हॉलचे व्यवस्थापक, आणि 'येरवड्याच्या वस्तीतील मुली'.

मुली. बस्स.

आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "माझं तोंड दिसतंय. तुझं नाव कुठं हाय? बोट ठेव."

कुठे ठेवणार?

तेवढ्यात ताईंनी माईकवरून पुकारलं, "आता वस्तीतली एक मुलगी मनोगत व्यक्त करेल."

गेले. माईक हातात घेतला. म्हणाले, "कव्हरवरच्या बाईंचं नाव सखूबाई. माझी आई. तो फोटो मी काढलाय. आतले सगळे मीच काढलेत. पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही."

ताई हसल्या. "भावनेच्या भरात बोलतेय. अगं, हे समूहाचं काम. नावात कशाला अडकतेस?"

"मग तुमचं का आहे?"

माईक बंद झाला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. तोच मायेचा आवाज. "प्रत्येक प्रतीत तुझ्या नावाची चिठ्ठी चिकटवू. मिटव ना आता."

खरं सांगते, क्षणभर हो म्हणणार होते. तो आवाज मला आवडायचा.

"चिठ्ठी नको. पुस्तक मागे घ्या. नव्यानं छापा."

"आमची एवढीशी संस्था, बुडेल. उद्या दुसऱ्या मुलींना कॅमेरे मिळणार नाहीत. ते पाप तुझ्या माथी."

माया संपली होती. राहिला होता तो हिशेबी दम. कदाचित पहिल्यापासून तोच होता. हे मला अजून टोचतं.

कॅमेरा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पोच लिहून घेतली. फोटो छापायला माझी लेखी परवानगी त्यांनी कधी मागितलीच नव्हती. गरजच वाटली नसेल. एका वकीलबाईंकडून नोटीस पाठवली. उत्तर अजून नाही.

वस्तीत आणखी तिघींकडे संस्थेचे कॅमेरे आहेत. तिघींच्या घरी जाऊन आले. एकीची आई चिडली, "आमच्या पोरीचं वाटोळं करू नकोस."

मी उठले नाही. पोरीला सांगितलं, "आधी कागद माग. फोटो कुणाचा, ते लिहून घे. नाही म्हणाले, तर एकसुद्धा फोटो देऊ नकोस."

परवा पुन्हा जाणार आहे. दार लावून घेतलं तरी.