डोळ्यांदेखतबाईंची साक्ष

आमच्या कचेरीत त्यांना सगळे डोळ्यांदेखतबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिक्षा पुरी व्हायच्या आत पॅरोलवर सोडलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवायचं त्यांचं काम, आणि त्यांचा प्रत्येक अहवाल ‘माझ्या डोळ्यांदेखत’ असा सुरू व्हायचा. मी पॅरोल मंडळाचा टंकलेखक. ते शब्द टाइप करून करून मी इतका वैतागलो होतो की एकदा त्यांना म्हटलं, “बाई, शिक्का करून घ्या, माझी बोटं तरी वाचतील.” त्या हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नसत.

मंडळ म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, दुसरे मनोविकारांचे डॉक्टर, आणि सर्वसामान्यांच्या वतीने एक निवृत्त मुख्याध्यापिका. कैदी आत कसा वागला, ज्या घरावर घाला पडला त्या घरचं म्हणणं काय, आणि सुटल्यावर हा राहणार कुठे, हे ऐकून तिघं ठरवत. राहायची जागा पाहायला बाई जात. नातेवाईक छातीवर हात ठेवून सांगत, “आमचाच आहे, येऊ दे की.” बाई म्हणत, “झोपणार कुठे, ते दाखवा.” मग एकेकाची ततपप व्हायची. त्यांच्या एका अहवालात मी टाइप केलेलं मला अजून आठवतं : माझ्या डोळ्यांदेखत भावाने खोलीतली अडगळ हलवायला घेतली. भावजय मदतीला आली नाही. बस, एवढंच. मंडळाला काय कळायचं ते कळलं.

सुनावणीच्या शेवटी अध्यक्ष हटकून विचारत, “बाई, तुमचा स्वतःचा या माणसावर विश्वास आहे का?” आणि बाई हटकून सांगत, “ते माझ्या कामात बसत नाही, साहेब. पाहिलं तेवढं सांगितलं.” मला याचा राग यायचा. आयुष्य याच माणसांत घालवलं आणि मत म्हणून काही नाही? पण घरीही त्यांचं हेच होतं. डबा खाताना त्यांनीच एकदा सांगितलं. लेक उशिरा आली, मैत्रिणीकडे होते म्हणाली. बाई म्हणाल्या, “असशील. मी काही पाहिलं नाही.” लेकीने दोन दिवस अबोला धरला. “माझं काय चुकलं?” बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, “काही नाही, लोणचं घ्या.” अशा बाईंशी कोण हुज्जत घालणार?

त्यांच्याकडे एक रंगारी आला. ऐन पंचविशीत कामावरच्या भांडणात त्याने जोडीदाराच्या डोक्यात फावडं घातलं होतं. जोडीदार मेला. रंगाऱ्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य आत गेलं, केस पांढरे झाले. मेलेल्याचा भाऊ मंडळासमोर येऊन म्हणाला, “सोडायचा तर सोडा. मला रस्त्यात दिसू नये, एवढंच बघा.” मंडळाने त्याला सोडलं. अटी घातल्या : भावाच्या वस्तीकडे फिरकायचं नाही, धाकट्या बहिणीकडे राहायचं, संध्याकाळी सात वाजता घरात असायचं. रोज सातला कचेरीतून बहिणीच्या घरच्या फोनवर फोन जाई. फोनवर सापडला नाही, तर अट मोडली. अट मोडली की पुन्हा आत, आणि उरलेली सगळी शिक्षा भोगायची. त्या वयात ती भोगून तो बाहेर येईल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

पहिले काही दिवस सुरळीत गेले. बहीण फोन उचलून त्याच्या हातात देई, तो नाव सांगे, फोन खाली. मग एका संध्याकाळी बहिणीला कामावर थांबावं लागलं. सातला फोन वाजला, वाजत राहिला. कचेरीतल्या माणसाने पुन्हा लावला. पुन्हा तेच. नियमाप्रमाणे त्याने गैरहजेरी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्या घरी गेल्या. दोन खोल्या, दाराशी लाकडी स्टूल, स्टुलावर फोन. रंगारी म्हणाला, “मी घरातच होतो, ताई.”

“मग फोन का नाही उचलला?”

“कुणी उचल म्हणालं नाही.”

बाईंना वाटलं, हा आपल्याला बनवतोय. त्या तसं बोलल्याही. बहीण आत चहा ठेवत होती, तेवढ्यात फोन वाजला. रंगारी खाटेवरून उठला, फोनसमोर जाऊन हात बाजूला सोडून ताठ उभा राहिला. आधी फोनकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई बोलल्या नाहीत. आतून बहीण ओरडली, “दादा, घे ना रे, माझे हात भरलेत!” तेव्हा कुठे त्याने उचलला. शेजारणीचा होता, दळणाबद्दल. फोन ठेवला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती.

मग त्याने सांगितलं. तुरुंगात फोन पहारेकऱ्याच्या टेबलाजवळ असे. हुकमाशिवाय हात लावायचा नाही. अगदी सुरुवातीला, जवळ कुणी नव्हतं, फोन वाजायचा थांबेना, म्हणून याने मदत करायला उचलला. महिनाभर भेटी बंद झाल्या. त्या महिन्यात त्याची आई इतक्या लांबून आली आणि फाटकावरूनच परत गेली. पुन्हा यायला ती राहिली नाही. “काल मी म्हटलं, ताई, म्हटलं हा माझाच फोन आहे, उचल. हात पुढे जाईचना.”

गैरहजेरीवरच्या सुनावणीला मी टाइपरायटरवर कागद चढवून बसलो होतो. बाईंनी अहवाल वाचला. सकाळी डोळ्यांदेखत घडलं ते सगळं, शेजारणीच्या दळणासकट. डॉक्टर म्हणाले, “असं होतं. पण असं होतं हे कैद्यांनाही ठाऊक असतं. सोंगही आणता येतं.” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आपण मेलेल्याच्या भावाला शब्द दिलाय. त्या संध्याकाळी हा त्याच्या वस्तीत नव्हता कशावरून?” दोन्ही बोलणी रास्त होती. मी मनातल्या मनात चिडलो, पण खोडून काढता येईना.

रंगारी समोर उभा होता. बसा म्हटलं होतं तरी. बहीण मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “बाई, तुम्ही सकाळचं पाहिलंत. आदल्या संध्याकाळचं पाहिलेलं नाही.”

“नाही, साहेब.”

“म्हणजे तो घरात होता हे तुम्ही सांगू शकत नाही.”

“नाही सांगू शकत.”

बहिणीच्या तोंडून हुंदका फुटला. मला बाईंचा असा संताप आला की त्यांच्या अंगावर कागदांचा गठ्ठा फेकावा. अहो, एक शब्द बोला की! काय जातं तुमचं?

अध्यक्ष नेहमीचं विचारायला वळले. उत्तर ठाऊक असल्यासारखेच. “तुमचा स्वतःचा विश्वास आहे?”

माझी बोटं नेहमीच्या वाक्यावर जाऊन थांबली होती. बाईंनी रंगाऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या अहवालाकडे. तो अहवाल त्यांनी टेबलावर उपडा ठेवला.

“आहे,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“माझा विश्वास आहे. तो घरात होता. मी पाहिलेलं नाही. पण तो फोनसमोर उभा होता, आणि वाजायचा थांबेपर्यंत उभा होता, असं मी म्हणते.” मग म्हणाल्या, “सातला घरात असा, हे मी त्यांना सांगितलं. फोन तुम्हीच उचलायचा, हे सांगायचं मला सुचलं नाही. तेही लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. एका शब्दावर दोनदा चुकलो.

डॉक्टरांनी विचारलं, “आणि उद्या याने खरंच काही केलं तर? लोक तुमचं नाव घेतील.”

“घेतील.”

“इतकी वर्षं तुम्ही असं कधी बोलला नाहीत.”

“म्हणूनच आज ऐका,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

तिघं आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले. निकाल दोन विरुद्ध एक, डॉक्टर विरोधात : रंगारी बाहेर राहील, फोन चालू राहतील, आणि पुढचा महिनाभर बाई रोज घरी जाऊन येतील. रंगारी उभाच होता. “सुटलात,” मीच त्याला म्हणालो, कारण त्याला कळलेलं दिसेना. बहीण त्याला हाताला धरून घेऊन गेली. जाता जाता तिने बाईंचे पाय धरायचा प्रयत्न केला. बाई मागे सरल्या.

मला वाटलं, आता तरी या बाई हसतील. मी त्यांचं अभिनंदन करायला बाहेर गेलो, तर त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

“बरं नाही का वाटत?”

“भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या. “तो माणूस आता गल्लीतून चालतोय, आणि माझा जीव त्याच्याबरोबर चालतोय. उद्याही चालणार. परवाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “विश्वास ठेवणं हे एवढं जड असतं? मग लोक आपापल्या घरी रोज कसा ठेवतात हो?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्या पीत होत्या तोवर पेला मीच धरून ठेवला.